फणसाच्या लाकडाचा कान

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नळी आहे. वीतभर उंच, दोन्ही टोकांना तोंड आणि मधून आरपार भोक. एक तोंड कर्ण्यासारखं रुंद, ते आईच्या पोटावर टेकतं. दुसरं चपटं, त्याला सुईण कान लावते. पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके माझ्यातून तिच्या कानात उतरतात आणि ती घड्याळाकडे बघत ते मोजते. माझा धंदा एवढाच. अनोळखी माणूस मला फुलदाणी समजतो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर बोलता बोलता माझ्यात आपलं पेन खोचलं होतं. मी राग मानला नाही. माझ्यात काही साठून राहत नाही, इकडून आलं की तिकडे जातं.

खोड एकच आहे, मोजायची. ठोके मोजता मोजता मला माणसांचे शब्दही मोजायची सवय लागली. कोणाला किती वेळा ‘बस’ म्हटलं गेलं, कोणाला किती वेळा ‘गप्प बस’. हा हिशेब मला कोणी सांगितलेला नव्हता. पण तुम्हाला आज तोच सांगायचा आहे.

माझा जन्म जावा बेटावरचा. तंबाखूची शेतं जिथे डोंगराला घोरपडीसारखी चिकटून असतात, त्या भागातला. पाक सोन्तो नावाचे कातारी गामेलान या आमच्याकडच्या वाद्यवृंदाच्या ढोलांची खोडं कोरायचे. एका मोठ्या फणसाच्या ओंडक्यातून त्यांनी ढोल काढला आणि उरलेल्या तुकड्यातून मला काढलं. ढोल आमच्यातला थोरला. तो लग्नांत वाजला, मिरवला, त्याच्या गळ्यात हार पडले. पाक सोन्तो मला चरकावर फिरवताना म्हणाले होते, ‘त्यानं लोकांना ऐकवायचं, तू लोकांचं ऐकायचं. दोघांत अवघड काम तुझं.’ तेव्हा मला वाटलं, म्हातारा उरलेल्या लाकडाची समजूत काढतोय.

मला घेऊन गेल्या बू तुकीना. आमच्याकडे मान देऊन बाईला बू आणि पुरुषाला पाक म्हणतात. सरकारनं खेड्यापाड्यांत शिकलेल्या सुईणी नेमायला सुरुवात केली होती, त्यातल्या त्या पहिल्या. बुटक्या, सावळ्या, चालायला घोड्यासारख्या. त्यांच्या पिशवीत कात्री, दोरा, साबण, आणि सगळ्यांत वर मी. डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर आम्ही हिंडलो. त्यांची कामाची एक रीत होती. पोटावर ठेवण्याआधी माझं रुंद तोंड त्या तळहातात धरून ऊबदार करायच्या. मग कान लावायच्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर ठेवायच्या. का, ते मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. मला वाटायचं, माया करतायत. ती होतीच, पण त्यात कामही होतं. पोटात दोन काळजं बोलत असतात मित्रांनो, एक आईचं, एक बाळाचं. कोणतं कोणाचं हे मनगटाला विचारल्याशिवाय समजत नाही.

मोजून झालं की त्या म्हणायच्या, ‘बाळाचं ऐकलं. आता तुझं सांग.’ आणि बाई सांगेपर्यंत थांबायच्या. काही बायका काहीच बोलायच्या नाहीत. तेव्हाही थांबायच्या.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही वरच्या वाडीतल्या पोनीराकडे गेलो. केळीच्या पानात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बांधून बाजारात विकायची ती. तिचा पहिला मुलगा, वागिमिन, येऊ घातला होता. आमच्याकडे बाळंतपणात घरातलं बांधलेलं, झाकलेलं सगळं मोकळं करतात. खण उघडतात, भांड्यांची झाकणं काढतात, दारं-खिडक्या सताड, गाठी सोडलेल्या, बाईचे केस सोडलेले. वाट मोकळी दिसली की बाळ अडत नाही म्हणे. बू तुकीना शिकलेल्या होत्या, पण या रीतीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. ‘झाकण काढल्यानं नुकसान काय होतं? बाईला वाटतं, घर आपल्यासाठी हललं,’ म्हणायच्या. त्या गडबडीत मी उंबऱ्यावर पडले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. पोनीरा कळांमध्येही हसली. मग बू तुकीनांनी तिलाही माझ्यातून तिच्याच बाळाचे ठोके ऐकवले. तो टवका अजून आहे. माझी ओळख म्हणा.

दिवस सरले. बू तुकीनांचे गुडघे गेले आणि डोंगर तिथेच राहिला. निवृत्त होताना त्यांनी मला आपल्या हाताखाली शिकलेल्या हार्तातीच्या ओंजळीत ठेवलं. हार्ताती हुशार, चटपटीत, स्वच्छ. सहा महिने तुकीनांकडे, नंतर दोन वर्षं शहरातल्या मोठ्या इस्पितळात शिकलेली. तिकडून ती पुष्कळ विद्या घेऊन आली आणि विद्येबरोबर एक आवाजही. तो आवाज तिचा नव्हता, हे मी ऐकताक्षणी ओळखलं. कोणीतरी तिच्यावर वापरलेला होता, तो ती पुढे वापरत होती.

पुढे डोंगराखालच्या रस्त्यावर आमचं आरोग्य केंद्र उभं राहिलं. फरशी, नळ, लोखंडी टेबल. मग हातात मावणारं बॅटरीचं यंत्र आलं. पोटाला लावलं की धडधड आवाज आणि आकडा. कान लावायला नको, मोजायला नको. हार्तातीनं मला बाहेरच्या खोलीतल्या मेजाच्या सगळ्यांत खालच्या खणात ठेवलं. शेजारी गंजलेली कात्री, वाळलेला शाईचा शिक्का आणि एक झुरळ, जे मला घरमालकासारखं वागवायचं.

नऊ वर्षं मी त्या खणात होते. पण कानाला कोंडलं म्हणून तो बहिरा होत नाही. खण आणि बाळंतपणाची खोली यांत एक पातळ भिंत होती. मी मोजत राहिले.

‘गप्प बस’ हे तर श्वासासारखं, त्याची मोजदाद सोडून दिली. ‘एवढं काय ओरडतेस, जगात तू एकटीच आई होतेस का?’ हे आठवड्यातून चारदा तरी. ‘लग्नात हसत होतीस ना, मग आता रडतेस कशाला?’ हे हसत हसत म्हटलं जायचं आणि सगळ्यांत जास्त लागायचं. कधी मांडीवर चापट बसायची. तिचा आवाज भिंतीतून अगदी स्वच्छ यायचा, आणि त्यानंतरची शांतता त्याहून स्वच्छ. पाणी मागितलं तर ‘नंतर’. आईला आत बोलवा म्हटलं तर दाराची कडी. केस सोडले तर रबर लावून घट्ट बांध, स्वच्छतेचा नियम आहे.

हार्ताती वाईट होती असं मी म्हणणार नाही. चार जणींचं काम ती एकटी करायची. दोन-दोन दिवस तिच्या पोटात धड भात जायचा नाही, आणि एखादं बाळ दगावलं तर ती मेजावर डोकं टेकून रडायची. तेव्हा तिचं कपाळ माझ्यापासून हातभरच वर असायचं. पण दमलेला माणूस आपला दम कोणावर काढतो, हेही हिशेबात धरायला हवं. ती तालुक्याच्या साहेबांवर कधी ओरडली नाही.

वरच्या वाडीतली कासीयेम पहिल्या खेपेला आमच्याकडे आली होती. लाजाळू, हळू बोलणारी. तिला मी भिंतीतून ऐकलं होतं. त्या दिवशीचा आकडा मी तुम्हाला सांगत नाही. दुसऱ्या खेपेला ती डोंगर उतरलीच नाही. बाळंतपण घरी झालं, रक्त थांबेना, आणि खाली आणेपर्यंत उशीर झाला. बाळ वाचलं. केंद्रात सगळे हळहळले, म्हणाले, काय करणार, अडाणी माणसं, कितीही सांगा, येतच नाहीत. मी खणात पडल्या पडल्या विचार करत होते, ती आली होती की. एकदा आलीच होती.

आणि गेल्या वर्षी, लेगीच्या, म्हणजे दर पाचव्या दिवशी भरणाऱ्या बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला कासीयेमची धाकटी बहीण सुमीरा बाळंतपणाला आली.

एकटी नव्हती. बरोबर सासू होती, म्हणजे तीच आपली तेंपेवाली पोनीरा. आता सगळे तिला म्बोक म्हणतात, म्हणजे आई. नवरा वागिमिन लांब कालिमंतानला ताडाच्या मळ्यावर. सुमीराचे पाय केंद्राच्या पायरीवर थबकले होते हे मला बोलण्यावरून कळलं. म्बोक तिला दटावत होती की बाजाराचा दिवस सोडून आलेय, टोपलीत साठ पुडे आहेत, आता मागे फिरलीस तर पुडे तुझ्या डोक्यावर. सुमीरा हलक्या आवाजात म्हणाली, ‘पहिल्या खेपेला ताई याच टेबलावर होती ना.’ म्बोकनं टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘मी दाराशी आहे. हलणार नाही.’

आत नेताना व्हायचं ते झालं. सोडलेल्या केसांना रबर, पाठीवर सरळ झोपायचा हुकूम, दाराला कडी. बाळाची वार घराच्या दाराशी पुरायची रीत, त्यासाठी म्बोकनं नवं मडकं आणलं होतं. ‘हा काय कुंभारवाडा आहे? बाहेर ठेवा,’ हार्ताती म्हणाली. त्या दिवशी तिची मदतनीस तापानं घरी होती आणि आतल्या बाजूला आणखी दोघी बाळंतिणी होत्या. तिची धावपळ तिच्या चपलांवरून ऐकू येत होती.

दुपार झाली. भिंतीतून सुमीराचा आवाज आला. ती ओरडत नव्हती, हळूच विनवत होती. ‘बू, मला कुशीवर होऊ द्या. पाठीवर जीव घाबरतोय. बाळही गप्प झालंय.’

हार्तातीनं यंत्र लावलं. धडधड, धडधड. ‘एकशे सव्वीस. अगदी छान आहे. यंत्रापेक्षा तू शहाणी का? सरळ झोप.’

‘बू, ते हलत नाहीये.’

‘झोपलंय ते. तूही गप्प पड.’

बाहेर बाकावर म्बोकनं हे ऐकलं. दाराला कडी होती. तिच्या हातात करण्यासारखं एकच होतं, आणि ते तिनं सुरू केलं. आधी खांद्यावरच्या शालीची गाठ सोडली. मग टोपलीचं झाकण काढलं. मग क्षणभर थांबली. मी तिचा तो थांबा ऐकला. पुड्यांना गाठी होत्या, आणि सोडलेला तेंपे कोण विकत घेतो? मग तिनं एकेक पुडा सोडायला घेतला, साठच्या साठ. व्हरांड्यातल्या लोकांच्या मांडीवर पुडे ठेवत गेली, खा म्हणाली. नंतर खिडक्या. मग पाण्याच्या टाकीचं झाकण. मग ती बाहेरच्या खोलीत शिरली, जिथे कारकून पाक दार्माजी नोंदवही लिहीत बसले होते, आणि त्यांचं कपाट उघडायला लागली.

पाक दार्माजींनी विचारलं की हे सरकारी कपाट आहे, माहीत आहे ना.

‘सरकारी असलं तरी बंदच आहे ना? उघडा. आणि पाक, तुमच्या गळ्याशी गुंडी आवळलीय, तीही सोडा.’

‘माझ्या गुंडीनं काय होणार, म्बोक?’

‘तुमची बायको अडली होती तेव्हा तुमच्या आईनं कोंबड्यांची खुराडी उघडली होती. दोन कोंबड्या कायमच्या गेल्या. तेव्हा नाही विचारलंत.’

पाक दार्माजींनी गुंडी सोडली.

मग ती मेजाच्या खणांकडे वळली. पहिला उघडला, दुसरा उघडला. माझा खण नऊ वर्षांत गंजून बसला होता. तिनं मेजाला पाय लावला आणि जोर केला, तसा खण निघून जमिनीवर आला. कात्री एकीकडे, झुरळ दुसरीकडे, आणि मी घरंगळत तिच्या पायाशी.

तिनं मला उचललं. अंगठा काठावरून फिरवला आणि टवक्यापाशी थांबवला.

‘अगं बाई,’ ती म्हणाली, अगदी हळू. ‘तू इथे होय.’

नंतर ती धावली असावी, कारण पुढच्या क्षणी मी बाळंतपणाच्या खोलीच्या खिडकीत होते. ती खिडकी तिनंच मघाशी उघडली होती. हार्ताती तिला हाकलणार होती, पण माझ्याकडे नजर गेली आणि ती खिडकीशी आली.

‘या नळीनं ऐक, न्दुक,’ म्बोक म्हणाली. पोरीला लाडानं म्हणतात तसं. ‘बू तुकीना माझं मनगट धरायची. तूच कंदील धरून उभी होतीस का, कोण ते आठवत नाही, पण तिच्या हाताखालच्या सगळ्या पोरी तसंच शिकल्यात. धर तिचं मनगट आणि ऐक. मग मी जाते.’

म्हातारीची कटकट मिटवायची म्हणून हार्तातीनं मला घेतलं. पण हात हे डोक्यापेक्षा इमानी असतात मित्रांनो. तिच्या नकळत तिनं माझं तोंड तळहातात धरून ऊबदार केलं. पोटावर टेकवलं. कान लावला. आणि दुसऱ्या हाताची बोटं आपोआप सुमीराच्या मनगटावर गेली.

नऊ वर्षांनी मी ऐकलं. लांबून, विहिरीच्या तळातून कोणी दार ठोठावावं तसं. ठक. मग वाट पाहायला लागावी इतक्या उशिरानं, ठक. पंधरा सेकंदांत वीस. म्हणजे मिनिटाला ऐंशी. बाळाचं काळीज एकशे दहाच्या खाली नको असतं. आणि हार्तातीच्या बोटांखाली सुमीराची नाडी धावत होती, एकशे सव्वीस.

यंत्रानं सांगितलेला आकडा खरा होता. फक्त तो बाळाचा नव्हता. घाबरलेल्या आईचा होता.

हार्तातीचा कान माझ्या तोंडावर गार पडलेला मला कळला. ती हे झाकू शकली असती. हे कळणारं तिथे दुसरं कोणीच नव्हतं, आणि माझं म्हणणं ऐकतं कोण. तिनं डोकं वर केलं आणि विचारलं, ‘कोणत्या कुशीवर व्हायचंय तुला?’

‘डाव्या.’

सुमीराला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीवर झोपलेल्या आईच्या पोटाचा भार तिच्याच रक्ताच्या वाटेवर पडतो, आणि बाळाला जाणारं रक्त कमी होतं. हे हार्तातीला पुस्तकातून ठाऊक होतं, सुमीराला अंगातून. हार्तातीनं दाराची कडी काढली, म्बोकला आत घेतलं, पाक दार्माजींना मोठ्या इस्पितळाची गाडी बोलवायला सांगितलं. मग पुन्हा मला टेकवलं. चोवीस. पुन्हा. अठ्ठावीस. म्बोक सुनेची पाठ चोळत होती. हार्ताती दर वेळी आकडा मोठ्यानं सांगत होती, सुमीराला. चौतीस आला तेव्हा सुमीरा म्हणाली, ‘आता हललं.’ आणि त्या खेपेला तिला कोणी यंत्र दाखवलं नाही.

मधेच हार्तातीनं तिच्या केसांचं रबर काढलं. रबर स्वतःच्या मनगटात घातलं.

गाडी पोचायच्या आधी मुलगी आली. निळसर, ढिली. एखाद्या मोठ्या चिंचेखालून चालत जायला लागेल तेवढा वेळ ती रडली नाही. हार्ताती तिला चोळत होती, तोंड पुसत होती, फुंकर देत होती. मग ती रडली, आणि व्हरांड्यात तेंपे खात बसलेल्या कोणीतरी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटलेलं मला ऐकू आलं.

संध्याकाळच्या आधी, सगळं आवरल्यावर, हार्ताती स्टुलावर बसली. म्हणाली, यंत्र जुनं झालंय, बदलून मागायला हवं.

‘यंत्राला कशाला बोलतेस?’ म्बोक म्हणाली. ‘ते बिचारं खरंच सांगत होतं. तू विचारलंच नाहीस, काळीज कोणाचं म्हणून.’

हार्ताती मनगटातलं रबर फिरवत राहिली. मग सांगायला लागली, शहरातल्या इस्पितळात चूक झाली की बोटांवर चिमट्याची मूठ बसायची; तिथं ओरडणाऱ्या बाईला ओरडूनच गप्प करायचं असतं असं शिकवलं; तिला स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात तिच्याच मैत्रिणीनं चापट मारली होती. ‘मला वाटायचं, असंच असतं,’ ती म्हणाली.

सुमीरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ छातीशी. ती तशीच बोलली, मान न वळवता.

‘माझी ताई अडाणी नव्हती, बू. तिला रस्ता माहीत होता. ती म्हणाली होती, मरेन, पण त्या टेबलावर परत जाणार नाही.’

हार्ताती उठली. बाहेर जाऊन म्बोकचं मडकं घेऊन आली. वार स्वतःच्या हातानं स्वच्छ धुतली, मडक्यात ठेवली, झाकली, आणि दोन्ही हातांनी म्बोकला दिली. वार पुरायचं काम बापाचं, पण तो घरी नव्हता. डोंगर चढून जाऊन ती म्बोकनं आपल्या दाराशी पुरली, वर दिवा लावला, असं नंतर ऐकलं.

मित्रांनो, हार्ताती एका दिवसात देवता झाली असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. माझी मोजदाद चालूच आहे. गेल्या महिन्यात ती सहा वेळा ओरडली. त्यातल्या दोन वेळा मागाहून पाणी घेऊन गेली. चापट एकही नाही. दाराची कडी पाक दार्माजींनी स्क्रू काढून मेजाच्या खणात ठेवली आहे, माझ्या जुन्या जागी, झुरळाच्या हवाली. बाईबरोबर घरचं एक माणूस आत बसतं. वरच्या वाडीतून या पावसाळ्यानंतर पाच जणी आल्या. त्यांतल्या दोघी पायरीवर थबकल्या, पण आल्या. यंत्रही आहेच, नवं आलंय, आणि ते चांगलं काम करतं. पण ते लावतानाही आता हार्तातीची बोटं मनगटावर असतात.

मी टेबलाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. माझं लाकूड आता वाळत चाललंय, एक चीर हळूहळू वर सरकतेय. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी फणसाचं लाकूड आहे, चूल माझं शेवटचं घर असलं तरी चालेल. तुमच्यातल्या कोणाला पुढे डॉक्टर व्हायचं असेल, कोणाला नर्स, आणि पुष्कळांना नवरा, दीर, भाऊ, जाऊ, सासू तर व्हायचंच आहे. त्या सगळ्यांना एकच सांगणं.

पोटातलं बाळ फार लांब असतं. त्याचा आवाज कानापर्यंत यायला लाकूड लागतं, यंत्र लागतं, वर्षानुवर्षांची विद्या लागते. पण त्याची आई तिथेच, तुमच्यासमोर असते. तिचं तोंड माझ्यापासून हातभर वर आहे. तिचं ऐकायला नळी लागत नाही.